कपाटामागची भिंत

घड्याळ पुन्हा बंद पडलं होतं. तळघराच्या शेवटच्या पायरीवर पाय ठेवता ठेवताच ते त्याच्या कानांना कळलं, डोळ्यांना नंतर. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. खोलीत शिरताना आधी टिकटिक ऐकणार आणि मग आत कोण बसलंय ते बघणार. लंबक मधोमध लोंबत होता, शिक्षा झालेल्या पोरासारखा गप्प. वर, बैठकीच्या खोलीतल्या लाकडी घोडीवर टांगलं की हेच घड्याळ तक्रार न करता चालायचं. खाली आणून भिंतीवर लावलं की एखादा दिवस कसाबसा ढकलायचं आणि मान टाकायचं. त्यानं ते पुन्हा पुन्हा उघडलं होतं, चाकं धुतली होती, लंबकाची पट्टी बदलली होती, डोळ्याला भिंग लावून एकेक दात तपासला होता. "तुमच्या घड्याळाला खालचं सासर मानवत नाही," बायको जिन्याच्या वरून म्हणाली होती, "माहेरी आणून ठेवा बापडीला." तो हसला नव्हता. घड्याळजीच्याच घरात घड्याळ चालत नाही म्हणजे काय! आज मात्र त्यानं ते खाली काढलं नाही. चहाचा कप कपाटावर ठेवला, लंबकाला बोटानं हलकेच झोका दिला आणि कान घड्याळाच्या पेटीला लावला. टिक. टिक. आणि दोन्हींच्या मधे, उंदरानं कागद कुरतडावा तसं काहीतरी. खर्र. लंबक मागच्या फळीला घासत होता. त्यानं मान मागे घेऊन बाजूनं पाहिलं. घड्याळाचं डोकं भिंतीला धरून मागे होतं आणि पाय पुढे आलेले, आरामखुर्चीत रेललेल्या माणसासारखे. त्यानं हात पेटीखाली घालून भिंतीवर ठेवला आणि तळवा सावकाश वरून खाली आणला. भिंत तळव्याला ढकलत पुढे येत होती. घड्याळात काहीही बिघाड नव्हता, कधीच नव्हता. बिचाऱ्याला त्यानं विनाकारण इतक्या वेळा उघडून ठेवलं होतं. आणि हात अजून भिंतीवरच असताना, चहावर साय धरत असताना, त्याच्या कानात ताईचा आवाज आला, घरात नसलेला, पण अगदी मागे उभं राहून बोलल्यासारखा: "मधे धर रे, धाकल्या. कोपऱ्यात काय बघतोस?"

त्यांचे वडील गवंडी. आई लवकर गेली, आणि तिच्या मागे उरलेली तीन पोरं वडिलांबरोबर कामावर जायची, कारण घरी ठेवायची तर कुणाच्या भरवशावर? मधली वाळूत खेळायची, हा विटांच्या सावलीत झोपायचा, आणि ताई, फ्रॉकच्या खिशात ओळंबा घालून, शिडीखाली उभी असायची. पितळेचं ते भोवऱ्यासारखं वजन, त्याला दोरी, भिंत सरळ आहे का ते दाखवणारं. वडील वरून दोरी सोडायचे आणि ताई खाली वाकून, वजनाला हात न लावता, ते स्थिर व्हायची वाट बघायची. "थांबला का?" वडील विचारायचे. "नाही अजून." "थांबला का?" "श्वास घेतोय." वडील मोठ्यानं हसायचे. घाई म्हणून त्या मुलीला ठाऊक नव्हती. पुढे ती शाळेत गाणं शिकवू लागली तेव्हाही तशीच. पोरांचा सूर लागेपर्यंत पेटीवर एकच पट्टी धरून बसायची, डोळे मिटून, जणू सूर म्हणजे दुरून चालत येणारा पाहुणा आणि त्याला रस्ता सापडायला वेळ लागणारच. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही हे त्यानं तिला कधी विचारलं नाही. लहानपणी त्याला ते बरंच वाटायचं आणि मोठेपणी विचारायची वेळ निघून गेलेली. त्याला घड्याळजीच्या हाताखाली तिनंच लावलं. "तुझं मोठ्या गोष्टींत लक्ष लागत नाही, बारीक काम शीक," असं हसत म्हणाली होती. तेव्हा ते कौतुक वाटलं होतं. आता, भिंतीवर हात ठेवून उभा असताना, त्या वाक्याची दुसरी बाजूही त्याला दिसली, आणि वाटलं, तेव्हाच तिला कळलं होतं की काय?

शाळेतून निवृत्त झाल्यावर ती त्याच्याकडे राहायला आली. वर एक खोली रिकामी होती, पण ती मुलाची. मुलगा दुसऱ्या शहरात, येतो येतो म्हणायचा, त्याची गादी उन्हात घालून परत जागेवर यायची आणि तो काही यायचा नाही. म्हणून ताईला तळघर दिलं. दिलं म्हणजे काय, तिनंच "मला खाली बरं, सकाळी माझ्या गाण्यानं तुमची झोप मोडायला नको" असं म्हणून सगळ्यांची अडचण सोडवली. आपलं कपाट, आपला पलंग, आपली पेटी आणि देवाची लहानशी तसबीर घेऊन ती त्या थंड खोलीत अशी मांडून बसली की जणू खोली तिच्यासाठीच खणली होती. पहाट फुटताना जिन्यातून तिचा आवाज वर यायचा. देवाचीच गाणी, पण ती देवाला काही मागायची नाही, घरातल्या मोठ्या माणसाला दिवसभराच्या गमती सांगाव्यात तशी गायची. तो अर्धवट झोपेत ऐकायचा आणि उठल्यावर विसरायचा. पाणी येतं, उजेड येतो, तसा ताईचा आवाज येतो. येणाऱ्या गोष्टींची कोण दखल घेतो?

मग एका पावसाळ्यानंतर ती म्हणू लागली, भिंतीला पोट येतंय. पहिल्यांदा त्यानं थट्टा केली, "या वयात?" ती हसली. दुसऱ्यांदा म्हणाली, कपाटाचं दार आपोआप उघडतं. त्यानं बिजागरीला तेल घातलं. मग एक दिवस तिनं पलंग ओढत ओढत जिन्याखाली नेला, एकटीनं, आणि तिथं, पायऱ्यांच्या पोटाखाली, डोकं वाकवून झोपू लागली. ते दृश्य बघून बायकोचा चेहरा उतरला. "लोक काय म्हणतील हो? नणंदेला जिन्याखाली ठेवलंय म्हणतील." तो खाली गेला तो रागातच. वडिलांचा ओळंबा ताईच्याच पेटीवर होता. त्यानं तो उचलला, स्टुलावर चढला, कोपऱ्यात खिळ्याला दोरी अडकवली. "मधे धर रे, धाकल्या." "मधे तुझं कपाट आहे." "मग कपाट हलवू की दोघं मिळून." कपाटात तिची पुस्तकं, गाण्याच्या वह्या, हिवाळ्याचे कपडे, सगळं ठासून भरलेलं. ते रिकामं करा, सरकवा, परत भरा. दुकान उघडायची वेळ झालेली. ओळंबा कोपऱ्यात लोंबला, हलला, थांबला. वरपासून खालपर्यंत दोरी भिंतीला धरून, सरळच्या सरळ. "बघ," तो म्हणाला. "बघ डोळ्यांनी. भिंतीला काही झालेलं नाही." ती बघत राहिली, ओळंब्याकडे नाही, त्याच्याकडे. आणि त्या नजरेला उत्तर द्यायचं म्हणून, स्टुलावरून उतरता उतरता, त्यानं ते म्हटलं. "तुला वरची खोली हवी असेल तर तसं सरळ सांग ना, ताई. त्यासाठी माझ्या घराला कशाला वाकडं म्हणतेस?"

माणसाच्या तोंडून निघालेलं वाक्य कुठं जातं? घड्याळाचा काटा मागे फिरवता येतो, ते त्याचं रोजचंच काम. त्या दिवशी ताईनं ओळंबा काढून घेतला, दोरी गुंडाळली, पेटीवर ठेवली. "बरं," म्हणाली. तेवढंच. ती त्या महिन्यातच मधल्या बहिणीच्या मुलीकडे राहायला गेली. मधली तर आधीच देवाघरी गेलेली. भाचीनं मावशीला आनंदानं नेलं. जाताना पेटी नेली, तसबीर नेली, कपाट मात्र "जड आहे, राहू दे" म्हणून ठेवलं. त्यानं नंतर तळघर दुकानाच्या जास्तीच्या कामासाठी वापरायला घेतलं, भिंतींना पांढरा रंग दिला. रंग देतानाही कपाट हलवलं नाही. त्याच्या कडेकडेनं कुंचला फिरवला.

"अहो, वर या की, चहा काय तिथंच शिळा करताय?" बायकोनं हाक मारली. तो वर गेला नाही. त्यानं कपाटाची दारं उघडली. आत काही नव्हतं, वाळलेल्या फुलांचा वास आणि एक बटण. रिकामं कपाट! इतके दिवस ते रिकामंच होतं आणि तरी त्यानं ते हलवलं नव्हतं. त्यानं खांदा लावला. कपाट सरकेना, मग वाकून पाहिलं तर पुढच्या दोन्ही पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या घातलेल्या, नीट दुमडून, एकावर एक. ताईनं घातलेल्या. भिंत मागून कपाटाला ढकलत होती आणि ते पुढे तिच्या अंगावर पडू नये म्हणून ती पायांना टेकू देत गेली, एक घडी, मग आणखी एक, आणि शेवटी, टेकू पुरेना तेव्हा, पलंग घेऊन जिन्याखाली गेली. त्याला वाटलं होतं नाटक करतेय. तो जमिनीवर बसला. पुठ्ठा हातात घेतला तर तो औषधाच्या खोक्याचा होता, त्याच्याच रक्तदाबाच्या गोळ्यांचा. कचऱ्यातून उचलून घेतलेला असणार. बऱ्याच वेळानं त्यानं कपाट ओढून बाजूला केलं. मागे जुन्या रंगाचा पिवळट चौकोन, आणि त्याच्या मधून, कमरेच्या उंचीवर, आडवी भेग गेलेली. इतकी रुंद की त्यात त्याचं बोट गेलं. बोटाला थंड लागलं, ओली माती लागली.

इंजिनीअर बाई आली ती गुडघ्यापर्यंत बूट घालूनच. वयानं त्याच्या मुलाएवढी, बोलायला मोकळी. भिंतीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काका, हिला सहावा महिना लागलाय." बायको जिन्यावर होती, ती तोंडाला पदर लावून हसली आणि लगेच गप्प झाली. बाईनं बाहेर जाऊन पाहिलं, छपराचं पाणी आणणारा नळ नेमका त्याच भिंतीच्या मुळाशी ओतत होता. "माती चिकणमाती आहे. पाणी पिते, फुगते, भिंतीला ढकलते. उन्हाळ्यात आकसते, पण भिंत काही मागे जात नाही. पुढच्या पावसात आणखी थोडी." मग तिनं मधोमध ओळंबा सोडला, आणि ज्या भिंतीला तो सरळ म्हणाला होता ती दोरीला पोटानं ढकलून उभी राहिली. "कोपऱ्यात..." तो म्हणाला, आणि थांबला. "कोपऱ्यात सरळच दिसणार की. तिथं शेजारच्या भिंतीनं धरून ठेवलेलं असतं. कोपऱ्यात बघून काय कळणार?" त्याला हे ठाऊक होतं. गवंड्याच्या मुलाला हे ठाऊक नसेल? शिडीखालच्या वाळूत तो हेच ऐकत वाढला होता. ठाऊक असूनच त्यानं दोरी कोपऱ्यात लावली होती, आणि हे इतक्या स्पष्टपणे त्यानं स्वतःशीही आजवर म्हटलं नव्हतं. "कधीपासून असेल हे?" त्यानं विचारलं. तिनं भेगेत विजेरीचा उजेड टाकला. "आत कोळ्यांची जाळी आहेत, जुना धुरळा आहे. बरीच वर्षं झाली, काका. आधी कुणाच्या लक्षात नाही आलं?" बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. "आलं होतं," तो म्हणाला.

उपाय दोन तऱ्हेचा निघाला. नळ लांब न्यायचा, अंगणाला बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा. आणि भिंतीतून लोखंडी सळया आरपार घालून त्या बाहेर, दूरवर, पुरलेल्या जाड पत्र्यांना बांधायच्या. आतल्या बाजूला प्रत्येक सळईवर लोखंडी चकती आणि मोठा नट. "म्हणजे भिंत सरळ होईल?" "थांबेल," इंजिनीअर बाई म्हणाली. "सरळ होणं वेगळं. माती कोरडी असेल तेव्हा नट थोडा थोडा आवळत राहायचं. काही भिंती बऱ्याच मागे जातात. काही नाही जात. एकदम जोर लावलात तर मोडेल." त्यानं मनात ठरवून टाकलं होतं की भिंत सरळ झाली की ताईला फोन करायचा. सरळ भिंत दाखवायची, म्हणायचं, चल, तुझी खोली तयार आहे. आता हिशेब चुकला. भिंत सरळ व्हायला किती उन्हाळे लागतील ते ही बाई सांगायला तयार नाही, आणि ताईचं हृदय तर अलीकडे कमजोर झालेलं. भाची मागे म्हणाली होती, मावशी जिना चढताना मधे बसते. वाट बघायला दोघांकडे फारसं काही उरलं नव्हतं.

त्यानं फोन केला. कामगार खाली भोकं पाडत होते आणि घर दातांच्या दवाखान्यासारखं घरघरत होतं. "हा कसला आवाज रे?" ताईनं विचारलं. "काम काढलंय." "कसलं?" तो म्हणणार होता. जिभेवर होतं. "नळाचं," तो म्हणाला. "बरं केलंस." मग तिनं त्याच्या गुडघ्यांची चौकशी केली, बायकोच्या खोकल्याची केली, मुलाची केली. त्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला आणि हवेबद्दल बोलला. तिसऱ्यांदा भाचीनंच उचलला. "मामा, काय आहे ते एकदा बोलून टाका ना. तुमचा फोन ठेवला की मावशी बराच वेळ तशीच बसून राहते." तेव्हा तो खाली गेला. सळया घालून झाल्या होत्या, भिंतीवर लोखंडी चकत्या ओळीनं बसल्या होत्या, शर्टाच्या बटणांसारख्या, पोटावर ताणलेल्या. काम करणाऱ्यांनी नीट झाडलं होतं. तिथं उभं राहून त्यानं बोलायची तयारी केली, लहानपणी तिच्यासमोर पाढे म्हणायचा तशी, आणि फोनवर एवढंच म्हणाला, "ताई, भिंत बघायला ये." पलीकडे श्वास तेवढा ऐकू येत होता. "येते," ती म्हणाली.

ती आली दुपारी, भाचीच्या हाताला धरून. वाळली होती. बायकोनं दारातच तिचे दोन्ही हात धरले. तळघराच्या जिन्यात ताई मधे बसली, खरंच, भाचीनं सांगितलं तशी. तो दोन पायऱ्या खाली तोंड वर करून उभा राहिला, वजन स्थिर व्हायची वाट बघावी तसा. "थांबला का श्वास?" त्यानं विचारलं. ती त्याच्याकडे बघून हसली. "एवढ्यात नको थांबवूस रे." मग उठली, खाली आली, सरळ भिंतीकडे गेली आणि तळवा ठेवला, जिथं फुगवटा सर्वांत जास्त तिथंच, न शोधता. त्यानं वडिलांचा ओळंबा काढला. तो तिनं नेलाच नव्हता. पेटी नेताना खाली ठेवून गेली होती, आणि त्यानं तो काट्यांच्या नि स्प्रिंगांच्या खणात टाकला होता. स्टुलावर चढला. गुडघा कुरकुरला. भिंतीच्या ऐन मधे दोरी धरली. ताई खाली वाकली, दोन्ही हात मागे बांधून. ओळंबा हलला, फिरला, हलला. त्या दोन म्हाताऱ्यांना तसं बघून भाची कधी वर निघून गेली ते कळलंही नाही.

"ताई, तू बरोबर होतीस," तो वरून म्हणाला. तिच्या पांढऱ्या केसांचा भांग त्याला दिसत होता, चेहरा दिसत नव्हता.

"ते मला ठाऊक होतं रे."

"मी तुला खोटं पाडलं. खोलीसाठी करतेस म्हणालो."

"म्हणालास." ती ओळंब्याकडेच बघत होती. "रागात माणूस काहीबाही बोलतो. ते मी तेव्हाच देवाच्या पायाशी ठेवून दिलं. तसलं कोण सांभाळत बसतं?" थोड्या वेळानं, वजन अजून थरथरत असताना, ती म्हणाली, "तू कपाट हलवलं नाहीस, धाकल्या. मी म्हटलं, दोघं मिळून हलवू. तुला हलवावंसं वाटलं नाही. ते मात्र कुठं ठेवावं मला कळेना."

त्याचा दोरी धरलेला हात भरून आला होता, पण खाली घेववेना. तिनं वर पाहिलं. "थांबला," ती म्हणाली. "उतर आता. पडशील."

ती राहायला येणार नाही हे त्यानं विचारायच्या आधीच तिनं सांगितलं. भाचीच्या घरी तिला सकाळची खिडकी आहे, शेजारच्या दोन पोरी गाणं शिकायला येतात, एकीचा सूर आत्ता कुठं लागतोय. "आणि हा जिना मला आता झेपायचा नाही. आधी बोलावलं असतंस तर," असं म्हणून ती थांबली आणि वाक्य पुरं केलं नाही, त्यानंही नाही. वरची खोली आहे, मुलाची गादी काढून टाकतो, असं त्याच्या ओठांवर आलं, आणि या घडीला ते किती ओशाळं वाटेल हे कळून तसंच परत गेलं. तिनं एका नटाला हात लावून पाहिला. "हे आवळायचं का?" "कोरड्या दिवसांत. थोडं थोडं." "घाई करू नकोस. तुला घाई असते." मग रिकाम्या कपाटाकडे वळून म्हणाली, "हे परत इथंच ठेव. पण भिंतीला टेकवू नकोस. मागे माणूस जाईल एवढी जागा सोड. कुणाला बघायचं झालं तर बघता येईल."

ती भाचीचा हात धरून वर गेली. मधे बसली, त्याला पायऱ्यांच्या करकरण्यावरून कळलं. मग पुन्हा उठली. त्यानं कपाट एकट्यानं सरकवलं, मागे जागा सोडली, ती पुरेशी आहे का म्हणून स्वतः आत शिरला. पाठीला कपाटाची फळी, छातीला थंड भिंत. मागे वळायलाही जागा नाही. वर बायको म्हणत होती, "वन्सं, जरा टेका तरी," आणि ताई म्हणत होती, "नको गं, उजेडात पोचू दे." दार उघडल्याचा आवाज आला. उंबऱ्यापाशी ताई काहीतरी गुणगुणत असावी, चपला घालताना गुणगुणायची तिची सवय होती. त्यानं ऐकायला श्वास रोखला. घड्याळ बंद होतं, कामगार गेले होते, खोलीत कसलाच आवाज नव्हता, तरी नीट ऐकू येईना. मधे माती होती, भिंत होती. दार लागलं. तो तसाच उभा राहिला, गाल भिंतीला, अंग त्या फुगवट्याला लावून, आणि हळूहळू, घाई न करता, ती जागा अंगाच्या उबेनं कोमट होत गेली.